एका प्रमेयाचा माग: बैजिक भूमितीतली सायटेशन्स कशी मोजावीत

'अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'च्या ८२व्या खंडात (१९६५) पान ५४० ते ५६७ वर एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांचा पेपर आहे. दोघेही तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये होते. संहत रीमान पृष्ठावरची शून्य डिग्रीची स्थिर व्हेक्टर बंडल्स आणि त्या पृष्ठाच्या मूलभूत गटाची अविभाज्य युनिटरी रिप्रेझेंटेशन्स यांची जोडी एकास एक जुळते, हे त्यात सिद्ध केलं आहे. या पेपरला आजवर किती सायटेशन्स मिळाली, म्हणजे किती जणांनी त्याचा संदर्भ दिला, असं विचारलं, तर मॅथसायनेट हा गणिती पेपरांचा डेटाबेस एक आकडा देईल, तसाच झेडबीमॅथ दुसरा आणि गुगल स्कॉलर तिसराच. तिघांचेही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात, कारण तिघे वेगवेगळी गोष्ट मोजतात. बैजिक भूमितीतला (अल्जेब्राइक जॉमेट्रीतला) एखादा निकाल कुणी, कधी आणि कशासाठी वापरला हे शोधायचं असेल, तर या आकड्यांपाशी थांबून चालत नाही. काम कसं करायचं ते याच पेपरचं उदाहरण धरून पुढे सांगितलं आहे. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि गणितात नव्याने संशोधन करू लागलेल्यांना, दोघांनाही ते वापरता येईल.

नेमकं काय मोजायचं?

पहिली चूक इथेच होते. याच दोन लेखकांचे याच विषयावरचे आणखी दोन पेपर १९६४ सालचे आहेत: एक अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये (खंड ५२, पान २०७–२११), आणि दुसरा 'मॅथेमॅटिशे अनालेन'मध्ये (खंड १५५, पान ६९–८०). पहिला मोठ्या निकालाची छोटी घोषणा आहे. तिन्ही शीर्षकांत 'कॉम्पॅक्ट रीमान सरफेस' आणि 'बंडल्स' हे शब्द येतात, त्यामुळे संदर्भ देणारेही गोंधळतात. खंड एका पेपरचा आणि वर्ष दुसऱ्याचं, अशा नोंदी सापडणार हे धरूनच चाला.

म्हणून तिन्हींसाठी वेगळे रकाने करा आणि चौथा रकाना 'तिन्हींपैकी किमान एक' असा ठेवा. एखाद्याने तिन्ही पेपरांचा संदर्भ दिला असेल, तरी या चौथ्या रकान्यात तो एकदाच मोजला जातो. नुसती बेरीज केली तर तोच माणूस तीनदा धरला जाईल.

पुस्तकांच्या आवृत्त्यांचंही असंच. मोड्युलायच्या, म्हणजे एका प्रकारच्या सगळ्या भूमितीय वस्तूंच्या वर्गीकरणाच्या, कामात डेव्हिड मम्फर्ड यांचं 'जॉमेट्रिक इन्व्हेरिअंट थिअरी' टाळता येत नाही. पहिली आवृत्ती १९६५ ची, एकट्या मम्फर्डची. १९८२ च्या दुसरीत फोगार्टी सहलेखक झाले आणि १९९४ च्या तिसरीत कर्वानही आल्या. डेटाबेसमध्ये ही तीन वेगळी पुस्तकं दिसतात आणि सायटेशन्स तिघांत वाटली जातात. आवृत्त्या एकत्र करायच्या की नाही हे काम सुरू करण्यापूर्वी लिहून ठेवा. निकाल पाहून मग ठरवलं, तर हवा तो आकडा निवडण्याचा मोह होतो.

कुठला स्रोत काय दाखवतो

मॅथसायनेट अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचं आहे. त्यामागचं 'मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज' १९४० पासून चालू आहे. वर्गणी लागते, पण मोठ्या विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत बहुधा ते मिळतं. प्रत्येक लेखकाला क्रमांक असतो आणि सारख्या नावांची माणसं तिथे हाताने वेगळी केलेली असतात. त्याचा कच्चा दुवा असा, की तिथली सायटेशन्स ठरावीक जर्नलांच्या संदर्भयाद्यांमधून मोजली जातात आणि त्या याद्या मुख्यतः २००० नंतरच्या आहेत. म्हणजे १९६५ च्या पेपरचा सुरुवातीचा तीन-साडेतीन दशकांचा वापर जवळजवळ दिसतच नाही. टीआयएफआरमध्ये व्हेक्टर बंडल्सवर सर्वांत जोमाने काम झालं ते नेमकं याच काळात.

झेडबीमॅथ ओपन जानेवारी २०२१ पासून सर्वांना मोफत आहे. मूळचं 'त्सेंट्रालब्लाट' १९३१ चं, त्यामुळे जुन्या नोंदी मॅथसायनेटपेक्षा मागे जातात. वर्गणी नसेल तर इथूनच सुरुवात करा. नोंदी प्रोग्रामने उतरवून घ्यायची सोयही आहे. ओपनअॅलेक्स २०२२ मध्ये आलं, त्याचा सगळा डेटा खुला आहे. मात्र तिथे एकाच पेपरच्या दोन नोंदी आणि दोन माणसांची एक नोंद, असे दोन्ही घोळ होतात. गुगल स्कॉलर प्रीप्रिंट (छपाईपूर्वी खुले केलेले पेपर), प्रबंध, व्याख्यानांच्या टिपणी सगळं धरतं, म्हणून आकडा सर्वांत मोठा येतो. ते हरवलेला संदर्भ शोधायला उत्तम आहे. मोजणीचा पाया म्हणून ते घेऊ नका, कारण आज मिळालेली यादी पुढच्या महिन्यात तशीच मिळेल याची खात्री नसते.

एक मुख्य स्रोत आणि एक पडताळणीचा, असे दोनच निवडा. दोन्ही याद्या डीओआय क्रमांकावर, म्हणजे प्रत्येक पेपरला मिळणाऱ्या कायमच्या ओळख-क्रमांकावर, जुळवा. डीओआय नसेल तिथे लेखकांची आडनावं, वर्ष आणि पहिलं पान यांवर जुळवा. शीर्षकावर जुळवणी शेवटी करा, कारण शीर्षकात गणिती चिन्हं असली की प्रत्येक डेटाबेस ती वेगळ्या प्रकारे लिहितो.

२००० पूर्वीची पोकळी भरायला एक जुनी युक्ती अजून कामाला येते. मॅथसायनेट आणि झेडबीमॅथ या दोन्ही डेटाबेसांत पेपरांची परीक्षणं आहेत आणि परीक्षक बहुधा कोणत्या निकालावर पेपर उभा आहे ते सांगतो. परीक्षणांच्या मजकुरात 'नरसिंहन' आणि 'शेषाद्री' ही दोन्ही नावं शोधली, की संदर्भयादी नसलेले १९७० आणि १९८० च्या दशकांतले पेपर हाती लागतात. ते उघडून मागची यादी डोळ्यांनी पाहावी लागते. वेळखाऊ आहे, पण दुसरी वाट नाही.

वर्गक्रमांकांची जाळी

गणिताच्या विषय-वर्गीकरणात बैजिक भूमितीला १४ हा क्रमांक आहे. त्यात १४डी२० म्हणजे मोड्युलायचे प्रश्न, १४एच६० म्हणजे वक्रांवरची व्हेक्टर बंडल्स, १४जे६० म्हणजे पृष्ठांवरची आणि वरच्या मितीतली, १४ई३० म्हणजे मिनिमल मॉडेल प्रोग्राम. आपल्या उदाहरणासाठी १४डी२० आणि १४एच६० घेतले की झालं असं वाटतं, पण तसं नाही. सायमन डोनाल्डसन यांनी १९८३ मध्ये याच प्रमेयाची नवी सिद्धता दिली ती 'जर्नल ऑफ डिफरेन्शियल जॉमेट्री'त. त्या धारेतलं बरंचसं काम ५३सी०७ खाली, म्हणजे भेदीय भूमितीत जातं. होलोमॉर्फिक बंडल्सचा ३२एल०५ हा वर्ग बहुचल संमिश्र विश्लेषणात आहे. फक्त १४ वर थांबलात, तर प्रमेयाने बैजिक भूमितीच्या बाहेर केलेलं काम दिसणारच नाही, आणि या प्रमेयाचं मोठेपण निम्म्याहून अधिक तिथेच आहे.

वर्गीकरण दर दहा वर्षांनी बदलतं हेही ध्यानात ठेवा. १४एफ०५ हा जुना क्रमांक २०२० च्या आवृत्तीत निघाला. शीव्हज १४एफ०६ मध्ये आणि डिराइव्ह्ड कॅटेगरीज १४एफ०८ मध्ये गेल्या. दशकांची तुलना करताना हे तिन्ही एकत्र धरले नाहीत, तर २०२० मध्ये एक शाखा अचानक संपली आणि दोन नव्या जन्मल्या असा खोटा आलेख निघतो.

तारीख कोणती धरायची

बैजिक भूमितीत पेपर लिहून झाल्यापासून छापून येईपर्यंत वर्षं जातात. बिरकार, कास्किनी, हेकन आणि मॅककर्नन यांचा मिनिमल मॉडेल्सच्या अस्तित्वावरचा पेपर अर्काइव्ह या प्रीप्रिंटांच्या खुल्या ऑनलाइन साठ्यावर ऑक्टोबर २००६ मध्ये आला आणि 'जर्नल ऑफ द अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी'त छापला गेला २०१० मध्ये. छापील वर्ष धरलं तर 'जन्मापूर्वीची' सायटेशन्स दिसतात, आणि बरेच प्रोग्राम ती चूक समजून गाळतात. म्हणून १९९२ नंतरच्या प्रत्येक पेपरसाठी दोन तारखा नोंदवा: अर्काइव्हवरच्या पहिल्या आवृत्तीची आणि छपाईची. बैजिक भूमितीचा तिथला विभाग १९९२ मध्ये सुरू झाला, त्याआधी छापील वर्षच हाती असतं. अर्काइव्हकडून प्रोग्रामने नोंदी घेत असाल तर दोन विनंत्यांमध्ये किमान तीन सेकंद जाऊ द्या; तो त्यांचा नियम आहे.

इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलांना लावला जाणारा सायटेशनचा निकष गणितात दिशाभूल करतो तो याच कारणाने. एखाद्या वर्षातली सायटेशन्स मोजताना तो फक्त मागच्या दोन वर्षांतले पेपर धरतो. तुमचा पेपर वाचून कुणी नवा निकाल सिद्ध करेल, लिहील, तो परीक्षकांकडे जाईल आणि छापून येईल, तोवर ती खिडकी बंद झालेली असते. मॅथसायनेटचं 'मॅथेमॅटिकल सायटेशन कोशंट' पाच वर्षं धरतं, ते बरं. एका पेपरच्या अभ्यासाला मात्र दहा वर्षांपेक्षा लहान खिडकी ठेवू नये, असं आमचं ठाम मत आहे.

आता वाचायचं

खरं काम हे आहे. यादी हजाराची असली तरी सगळे वाचायची गरज नाही. कालखंड पाडा (उदाहरणार्थ १९६५–७९, १९८०–९४, १९९५–२००९, २०१० पासून पुढे) आणि प्रत्येकातून यादृच्छिक पद्धतीने ५० निवडा, एकूण २००. दोनशेच्या साध्या नमुन्यात ४० टक्के असं उत्तर आलं, तर खरा आकडा साधारण ३३ ते ४७ टक्क्यांच्या दरम्यान असतो. फक्त ५० वाचले तर तीच कक्षा सुमारे २६ ते ५४ इतकी पसरते, आणि एवढ्या सैल आकड्यावरून काही बोलता येत नाही. कालखंडांचा आकार असमान असेल तर एकूण टक्केवारी काढताना प्रत्येक कालखंडाला त्याच्या मूळ यादीच्या प्रमाणात वजन द्या. नाहीतर १९७० च्या दशकातले थोडे पेपर आणि आजचे शेकडो पेपर एकाच मापाने तोलले जातील.

प्रत्येक पेपरात संदर्भ जिथे जिथे येतो ती वाक्यं काढा आणि पाचांपैकी एक खूण द्या: सिद्धतेत निकाल प्रत्यक्ष वापरला; निकाल विस्तारला किंवा नव्याने सिद्ध केला; व्याख्या किंवा पद्धत घेतली; प्रस्तावनेत पार्श्वभूमी म्हणून नाव घेतलं; दुरुस्ती किंवा मतभेद. एकाच पेपरात दोन खुणा बसत असतील तर वरच्या क्रमाची द्या. डोनाल्डसन यांचा पेपर दुसऱ्या खुणेचा, हे शीर्षकावरूनच कळतं. मेहता आणि शेषाद्री यांचा पॅराबॉलिक बंडल्सवरचा १९८० चा पेपरही त्याच खुणेत बसतो. प्रस्तावनेतल्या लांबलचक संदर्भमाळेतलं नाव मात्र चौथ्याच खुणेचं, मग पेपर कितीही मोठा असो.

पहिले ५० पेपर दोघांनी एकमेकांना न विचारता तपासावेत. समजा ४२ पेपरांवर दोघांचं एकमत झालं, म्हणजे ०.८४, आणि निव्वळ योगायोगाने ०.३६ इतकं एकमत झालं असतं. मग कोहेनचा कप्पा (योगायोग वजा करून एकमत मोजणारा आकडा) येतो (०.८४ − ०.३६) ÷ (१ − ०.३६) = ०.७५. ०.७ च्या वर असेल तर पुढचे एकट्याने तपासायला हरकत नाही. खाली असेल तर खुणांच्या व्याख्या सैल आहेत. भांडण बहुतेक वेळा तिसऱ्या आणि चौथ्या खुणेत होतं, तेव्हा तिथेच व्याख्या घट्ट करा. दोघांपैकी एकाला तरी विषय कळला पाहिजे. 'बाय [एनएस], ई इज स्टेबल' (नरसिंहन–शेषाद्रीवरून ई स्थिर आहे) हे वाक्य सिद्धतेचा कणा आहे की ओझरता उल्लेख, हे शब्दांवरून कळत नाही, गणितावरूनच कळतं.

नाव आहे, संदर्भ नाही

निकाल फार प्रसिद्ध झाला की लोक संदर्भ देणं सोडतात. 'हार्डर–नरसिंहन फिल्ट्रेशन' हे शब्द आज डिराइव्ह्ड कॅटेगरीजपासून संख्यासिद्धांतापर्यंत सर्वत्र येतात, पण मागच्या यादीत 'मॅथेमॅटिशे अनालेन'च्या २१२व्या खंडातला १९७५ चा मूळ पेपर बरेचदा नसतो. सायटेशनच्या आकड्यात यातलं काहीच उतरत नाही.

हे पकडायचं तर संपूर्ण मजकुरात शोध घ्यावा लागतो. अर्काइव्हवर पेपरांच्या मूळ लेटेक फायली (गणित टाइप करायच्या पद्धतीतला कच्चा मजकूर) मिळतात. शोधाचा नमुना लिहिताना दोन आडनावांमध्ये एक आडवी रेघ, दोन रेघा, 'अँड', ओळ तुटणं या सगळ्यांची सोय करा. शेषाद्री आणि नरसिंहन यांच्या स्पेलिंगमधले फरक धरा. नुसतं 'एचएन फिल्ट्रेशन' लिहिणारेही कमी नाहीत. मग 'नाव आहे पण यादीत नाही' अशा पेपरांची संख्या वेगळी द्या; मूळ आकड्यात ती मिसळू नका.

लेखक कोण, आणि कितवा

गणितात सहलेखकांची नावं आडनावाच्या वर्णानुक्रमाने लागतात. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने २००४ च्या निवेदनात हे स्पष्ट लिहिलं आहे: संयुक्त कामात कुणाचा वाटा किती हे बहुधा वेगळं काढता येत नाही आणि नावं वर्णानुक्रमाने लिहिली जातात. नरसिंहन–शेषाद्री, हार्डर–नरसिंहन, नरसिंहन–रामनन, मेहता–शेषाद्री, मेहता–रामनाथन, सगळ्या जोड्या याच क्रमात आहेत. जीवशास्त्राची सवय लावून पाहिलं तर मेहता कायम 'पहिले लेखक' आणि शेषाद्री कायम शेवटचे, म्हणजे गटप्रमुख ठरतील. दोन्ही निष्कर्ष आद्याक्षरावरून काढलेले असतील. त्यामुळे पहिल्या लेखकाला गुण देणारी कुठलीही पद्धत इथे लावू नका. दोन लेखक असतील तर प्रत्येकी १/२, चार असतील तर १/४, अशी समान वाटणी करा. पत्रव्यवहाराचा लेखक हाही गणितात बहुधा फक्त पेपर पाठवणारा असतो.

तुम्ही निवडलेल्या शाखेत ही प्रथा खरंच पाळली जाते का, हे तपासता येतं. दोन नावं योगायोगानेही निम्म्या वेळा वर्णानुक्रमात येतात, तीन नावं सहात एकदा, चार नावं २४ मध्ये एकदा. समजा दोन लेखकांच्या १०० पेपरांपैकी ९४ क्रमात आहेत. तर हेतुपुरस्सर प्रमाण (०.९४ − ०.५) ÷ ०.५ = ०.८८, म्हणजे ८८ टक्के. तीन लेखकांच्या ४० पैकी ३८ असतील तर ०.९५ मधून १/६ वजा करून ५/६ ने भागा, ९४ टक्के येतात. प्रत्येक लेखकसंख्येचा हिशेब वेगळा करा. सगळे एकत्र केले तर दोन लेखकांचे पेपर जास्त असल्याने उत्तर फुगतं.

संगणकाकडून क्रम तपासून घेताना तीन ठिकाणी ठेच लागते. उच्चारचिन्ह असलेली अक्षरं साध्या क्रमवारीत झेडच्याही पुढे जातात. 'दे योंग'सारख्या नावात डी लहान लिपीत असतो, म्हणून तोही शेवटी पडतो, शिवाय काही जण ते नाव 'जे' (J) या अक्षराखाली लावतात. आणि नावं देवनागरीत उतरवली असतील तर क्रम त्या यादीवरून तपासूच नका: हार्डर–नरसिंहन रोमन लिपीत क्रमात आहे, आपल्या वर्णमालेत ह शेवटाकडे असल्याने नाही.

सारख्या नावांचा गुंता टीआयएफआरच्या बाबतीत खास आहे. व्हेक्टर बंडल्सवाले एम. एस. नरसिंहन, संमिश्र विश्लेषणातले राघवन नरसिंहन, आणि टिफ्रॅक संगणक उभा करणारे आर. नरसिंहन, तिघेही त्याच संस्थेतले. 'आर. नरसिंहन, टीआयएफआर' एवढीच नोंद असेल तर विषय आणि जर्नल पाहिल्याशिवाय माणूस ठरवू नका. बैजिक भूमितीतले सी. पी. रामानुजम आणि श्रीनिवास रामानुजन यांची गल्लत आपोआप जुळवणाऱ्या प्रोग्रामकडून होऊ शकते. श्रीराम अभ्यंकर यांच्या नोंदी एक आद्याक्षर, दोन आद्याक्षरं आणि पूर्ण नाव अशा रूपांत विखुरलेल्या असतात. त्या लेखक-क्रमांकाखाली गोळा करून मगच मोजा.

कोण कुणासोबत येतं

दोन पेपर एकाच यादीत वारंवार एकत्र येत असतील, तर वाचकांच्या लेखी ते जवळचे आहेत. हेन्री स्मॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेली सहसंदर्भाची कल्पना ती हीच. एकत्र येण्याची संख्या दोघांच्या एकूण सायटेशन्सच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागा. एकाची ९००, दुसऱ्याची ४०० आणि एकत्र १५० असतील तर १५० ÷ ६०० = ०.२५. भागाकार केला नाही तर लोकप्रिय पाठ्यपुस्तकं सगळ्या नकाशाच्या मध्यभागी जाऊन बसतात. त्यांना आधीच बाजूला काढणं आणखी चांगलं.

नरसिंहन–शेषाद्रीबरोबर अटिया–बॉट (१९८३), डोनाल्डसन (१९८३) आणि हिचिन (१९८७) ठेवून हीच गणना दर पंधरा वर्षांसाठी वेगळी करून पाहा. एकच नकाशा काढला तर साठ वर्षं एकमेकांवर चढतात. व्हीओएसव्ह्यूअर या नकाशे काढणाऱ्या प्रोग्रामने चित्र काढत असाल तर अपूर्णांक-मोजणीचा पर्याय निवडा. नाहीतर तीनशे संदर्भांचा एक सर्वेक्षण-लेख वीस संदर्भांच्या पेपरांना झाकून टाकतो.

तक्त्याखाली काय लिहायचं

स्रोत, उतरवून घेतल्याची तारीख, कुठल्या आवृत्त्या एकत्र केल्या आणि स्वतःची सायटेशन्स धरली की नाही. स्वतःची म्हणजे सहलेखकांचीही, आणि ती गाळण्यापेक्षा वेगळी दाखवावीत, कारण चार भागांत लिहिलेल्या सिद्धतेत मागचा भाग सांगावाच लागतो. दोन शाखांची एकूण सायटेशन्स शेजारी ठेवून तुलना करू नका. आंतरराष्ट्रीय गणित संघटनेने अन्य दोन संस्थांसह २००८ मध्ये काढलेल्या अहवालात सायटेशनच्या आकड्यांवरून माणसं आणि विषय तोलण्याविरुद्ध सविस्तर लिहिलं आहे. २०२३ मध्ये क्लॅरिव्हेट या सायटेशनचा डेटा पुरवणाऱ्या कंपनीने सर्वाधिक सायटेशन्सवाल्या संशोधकांच्या यादीतून गणित हा विषयच वगळला, कारण या छोट्या क्षेत्रात आकडे फुगवणं सोपं झालं होतं. तुमच्या यादीतही एकाच गटातले पेपर एकमेकांना अचानक मोठ्या संख्येने उद्धृत करताना दिसले, तर ते पेपर उघडून वाचा, चौथ्या खुणेचं प्रमाण किती ते पाहा आणि तक्त्यात ते वेगळ्या ओळीत द्या. मूळ यादी, खुणांचा तक्ता आणि शोधाचे नमुने एकाच फोल्डरमध्ये तारखेसह ठेवा, म्हणजे पुढचा माणूस तुमचे २०० पेपर पुन्हा उघडून तुमची खूण तपासू शकेल.